गोचिडीची लाळ आणि जनावरांचा ताप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाने उघडीप दिली की मराठवाड्यातल्या गोठ्यांत गोचीड वाढते आणि चर्चा होते ती आटलेल्या दुधाची. रक्त गेल्याने जनावर खंगते हे खरेच, पण त्याहून घातक असते तिची लाळ.

गोचीड कातडीत सोंड रुतवून दिवसेंदिवस तिथेच बसते. तेवढ्या काळात रक्त गोठू नये, खाज सुटू नये, पांढऱ्या पेशी जखमेपाशी जमू नयेत अशी द्रव्ये ती लाळेतून सोडत राहते. म्हणजे जंतू जिथून शिरणार, नेमकी तिथलीच राखण ढिली. जनावरांना ताप आणणारा अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणू याच वाटेने येतो. गोचिडीच्या आतड्यातून तो लाळग्रंथीत पोचतो आणि ती नव्या जनावराचे रक्त पिऊ लागली की जोमाने वाढतो. म्हणून पहिल्याच दिवशी काढलेली गोचीड आणि चार दिवस राहिलेली, यांत मोठा फरक. ब्रिटनमधल्या मेंढ्यांत याच कुळातला एक जिवाणू थेट पांढऱ्या पेशींतच घर करतो. मग एरवी कातडीवर निमूट असणारे स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आत शिरून कोकरांच्या सांध्यांत पू करतात.

आपल्याकडे एरंडाच्या बीएवढी फुगलेली मादी तेवढी ओढून काढतात. चपट्या, बारीक नराकडे कोणी बघत नाही. मादी गळून पडते. नर अंगावरच राहून थोडे थोडे रक्त पितो आणि शेजारच्या जनावरावर सरकतो. अ‍ॅनाप्लाझ्मा पसरवण्यात त्याचा वाटा मोठा. कासेला, मांडीच्या आत, शेपटीखाली, कानात रोज बोटे फिरवली तरच तो हाती लागतो. सडावरच्या गोचिडीची जखम तर काससुजीला आयते आमंत्रण.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. पेटती काडी किंवा रॉकेल नको. डिवचलेली गोचीड उलट जास्त लाळ सोडू शकते. बोटांनी चिरडू तर नयेच. हायलोमा जातीच्या गोचिडीतून माणसाला क्रिमियन-काँगो हा जीवघेणा विषाणूजन्य ताप होतो. २०११ मध्ये तो शेजारच्या गुजरातेत निघाला होता.

फवारणीत चूक होते ती बहुधा पाण्यात. साडेबारा टक्के अमिट्राझ हे गोचीडनाशक लिटरला २ मिली, हे प्रमाण लोक बरोबर घेतात, पण मोठ्या गाईवर अर्धा लिटर मारून मोकळे होतात. अंग निथळायला तीन-चार लिटर द्रावण लागते, आणि गळ्याखालची पोळी, कान, कास सुटली तर केलेले पाण्यात. फवारणीआधी पोटभर पाणी पाजावे, म्हणजे जनावर अंग चाटत नाही. भर उन्हात फवारू नये. द्रावण त्याच दिवशी संपवावे, पंधरवड्याने पुन्हा फवारावे. हे औषध घोड्याला चालत नाही. माळेगावच्या यात्रेला घोडी नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गळलेली मादी दोन-अडीच हजार अंडी घालते ती दगडमातीच्या भिंतीच्या भेगांत. त्या लिंपल्या नाहीत, गव्हाणीखालचा केर काढला नाही, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून आणलेले जनावरही फवारूनच, तीन आठवडे वेगळे बांधावे.

अ‍ॅनाप्लाझ्मात ताप १०४ ते १०६ अंश चढतो, पापणीची आतली बाजू आधी पांढुरकी, मग पिवळी पडते, शेण घट्ट होते. लघवी मात्र लाल होत नाही. कॉफीसारखी लघवी दिसली तर बबेसियाचा संशय घ्यावा. तो जिवाणू नव्हे, गोचिडीतूनच येणारा एकपेशी परजीवी आहे. त्यावर अ‍ॅनाप्लाझ्माचे औषध, ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, चालत नाही. तरीही दिसला ताप की टोच तीच सुई, असा प्रकार सर्रास चालतो. ताप असतानाच कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन तपासले तर निदान होते.

बरे झालेले जनावरही रक्तात जंतू बाळगून राहते. एकाच सुईने अख्खी दावण टोचली तर गोचिडीवाचूनही रोग पसरतो. लाळ्या-खुरकूत, घटसर्पाच्या लसीकरणात जनावरागणिक सुई बदलावी आणि तालुक्याच्या दवाखान्यात रक्ततपासणीची सोय पावसाळ्याआधी चालू करावी, ही मागणी आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोचावी.

आपला,
एक पशुवैद्यक, लातूर जिल्हा