ताणामुळे बिघडले, की आधीच बिघडलेले होते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ कोलमडले की ‘सर्व्हरवर ताण आला’ एवढेच कारण छापून येते. ते अर्धेच खरे आहे. ताणामुळे काही बिघाड नव्याने होतात: प्रोसेसर तापतो, रांगा तुंबतात, दोन प्रोग्रॅम एकाच नोंदीला एकाच क्षणी हात घालतात. पण कितीतरी बिघाड आधीपासून दडून बसलेले असतात. ताण त्यांना फक्त उघड्यावर आणतो.

मेमरीतला एखादा बिट (० किंवा १ ची एक नोंद) उलटला, तरी ती जागा वाचली जाईपर्यंत चूक कळत नाही. ईसीसी मेमरी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी, ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट ठेवते. एक बिट उलटला तर दुरुस्त होतो. दोन उलटले तर चूक झाली एवढेच कळते. त्यामुळे निवांत यंत्रात पहिली चूक न वाचता पडून राहणे धोक्याचे. बायोसमधले, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमधले, स्क्रबिंग चालू असेल, तर सगळी मेमरी पार्श्वभूमीवर वाचून अशा चुका वेळीच निस्तरल्या जातात.

डिस्कचे दुखणे याहून मोठे. रेड-५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून तिची माहिती परत मिळवता येईल अशा डिस्कच्या संचात, एक डिस्क गेली की तिच्या जागी नवी भरताना उरलेल्या डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा लहान कप्पा) वाचावा लागतो. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने सलग वाचली तरी सुमारे १७ तास लागतात. सोबत रोजचे काम चालू असेल तर आणखी जास्त. महिनोन्‌महिने कोणी न उघडलेल्या फाइलचा खराब सेक्टर नेमका तेव्हा सापडतो, आणि तो भरून काढायला लागणारी डिस्क तर आधीच गेलेली असते! म्हणून कामाचा जोर नसताना महिन्यातून एकदा तरी संपूर्ण डिस्क-तपासणी व्हायलाच हवी.

ताणात तपासणी स्वतःही चुकते. धडधाकट सर्व्हरचे उत्तर उशिरा आले की देखरेख यंत्रणा त्याला मृत ठरवते, त्याचे काम शेजाऱ्यांवर पडते आणि तेही एकामागून एक बसतात. लॉगमधल्या, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीतल्या, नोंदी गळतात त्या याच वेळी.

शिवाय चुका दिवसागणिक न मोजता दर लाख व्यवहारांमागे मोजाव्यात. ताण वाढूनही हे प्रमाण तेवढेच राहिले, तर कामासोबत नुसती संख्या वाढली असे समजावे. प्रमाणच चढले, तर ताणाने नवे बिघाड होत आहेत किंवा जुने बाहेर पडत आहेत, हे शोधायला हवे.

पुढच्या वेळी अशी बातमी देताना आपल्या वार्ताहराने शेवटची डिस्क-तपासणी कधी झाली होती, हेही विचारावे, ही विनंती.

– एक संगणक अभियंता