उंची नीट मोजा, मग आकडे सांगा

महोदय,

तीव्र कुपोषित बालके घटली किंवा वाढली, अशा बातम्या वर्षभर येत असतात. मापे कशी घेतली, हे क्वचितच विचारले जाते. वजनकाट्यांवर पुष्कळ बोलले जाते, पण खरा घोळ उंचीत होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार ७० सेंमी लांबीच्या मुलग्यासाठी तीव्र कुपोषणाची सीमा ६.६ किलो आहे. ६.५ किलोचा मुलगा त्यात येतो. मोजताना गुडघे वाकलेले राहून लांबी ६८ लिहिली गेली, की सीमा ६.३ वर उतरते आणि तोच मुलगा 'मध्यम' गटात जातो. त्याचा विशेष आहार हुकतो. वर तो आहे त्याहून खुजा नोंदला जातो, ते वेगळेच.

दोन वर्षांखालचे मूल झोपवूनच मोजायचे, आणि त्याला दोन माणसे लागतात. एकीने डोके इन्फँटोमीटरच्या (बाळाची लांबी मोजायच्या पाटाच्या) स्थिर फळीला टेकवून बाळाची नजर सरळ वर ठेवायची. दुसरीने गुडघे हलके दाबून सरकती फळी दोन्ही तळव्यांना भिडवायची आणि मिलिमीटरपर्यंत वाचायचे. अंगणवाडी सेविकेला एकटीला हे जमत नाही. म्हणून मदतनीस खिचडी शिजवत असते त्या वेळी मापे ठेवूच नयेत. मोठ्या मुलांची चप्पल आठवणीने काढतात, मुलींचा अंबाडा मात्र तसाच राहतो. दोन वर्षांखालचे मूल उभे मोजावेच लागले, तर ०.७ सेंमी मिळवायचे.

दंडघेर सहा महिन्यांपुढच्या मुलांचा, डाव्या हाताचा. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंत मोजून मध्यावर खूण करावी, नजरेने ठरवू नये. ११.५ सेंमीच्या आत आला तर तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहिला, तर वजन कितीही असो, मूल तीव्र कुपोषितच. ते वजन सुजेचे असते. ही तपासणी सर्रास राहून जाते.

नोंदी खऱ्या की अंदाजाच्या, हे कार्यालयात बसूनही कळते. शंभर मुलांच्या उंचीत दशांशाच्या जागी ० ते ९ हे अंक साधारण दहा-दहा वेळा यायला हवेत. शून्य आणि पाचचीच गर्दी असेल, तर पट्टी नीट वाचलेली नाही. पर्यवेक्षिकेने दरमहा प्रत्येक अंगणवाडीत पाच मुले, आधीची नोंद न पाहता, पुन्हा मोजावीत. ७ मिमीहून जास्त फरक आला तर दोघींनी मिळून परत मोजावे. मानके ज्या अभ्यासातून आली, त्यात दिल्लीसह सहा देशांतल्या केंद्रांवर दोन मोजणारे हीच मर्यादा पाळत होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. अंगणवाड्यांचे आकडे याहून फार खाली असतील, तर आनंदाआधी मापे तपासावीत. संख्या वाढली म्हणून सेविकेकडे खुलासा मागणे तेवढे थांबवा. त्या धाकाने मुले कागदावरच सुधारतात.

आपणही बातमीत कुपोषितांच्या संख्येसोबत पटावरची मुले किती, प्रत्यक्ष मोजली किती आणि स्थलांतरामुळे सुटली किती, हे छापावे.

आपले,
बालकांच्या वाढमापनाचे प्रशिक्षण देणारे काही कार्यकर्ते