बाईंना उलटी वाहणारी नदी बघायची आहे

पुणे, २१ जून २०२६

प्रिय मंजू,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू मध्येच "अगं पण" म्हणून सुरू झाली असतीस आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. शिवाय हे तुलाच सांगायचंय. सुहासला अर्धंच कळतं, आणि दादापुढे विषय कसा काढायचा हाच तर प्रश्न आहे.

तब्येती ठीक. आईचं बीपी गोळीवर आहे, डावा गुडघा जिने सोडून बाकी सगळं निभावतो, माझं थायरॉइड होतं तिथेच आहे. झालं.

तर आईला एकदा देशाबाहेर न्यायचं हे बाबा होते तेव्हापासून ठरलेलं. अर्ध्या सांगलीला जिने आशियाचा भूगोल शिकवला तिच्या पासपोर्टची पानं अजून कोरी आहेत, हे मला सहन होत नाही. गुडघा दाखवायला ती मे महिन्यात इकडे आली तेव्हा सुहासने रीतसर तक्ता केला. गाव, महिना, तापमान, पाऊस, बघण्यासारखं काय, पायऱ्या किती. रविवारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. बाईंनी चष्मा खाली ओढला आणि तपासायलाच घेतला ग! हातात लाल पेन तेवढं नव्हतं.

पहिलाच नंबर होई आनचा, दिवाळीच्या सुट्टीत. "हे कुणी घातलं? ईशान्येचे वारे सुरू झाले की समुद्रावरून बाष्प घेऊन त्रुओंग सोनच्या डोंगरांना धडकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्युए आणि होई आनला पुराचे दिवस. त्याच सुमाराला आपल्या तमिळनाडूत पाऊस का असतो, सांगा सुहासराव." सुहासराव नागपूरचे. ते उठून पाणी प्यायला गेले.

क्योटोवर ती जरा थांबली. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे ओजसच्या परीक्षेच्या तोंडावर. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत त्यांचा पावसाळा. नोव्हेंबरात मेपलची पानं लाल होतात, तो काळ आम्हाला जमण्यासारखा. "सुंदर असणार," म्हणाली, "पण मला मोजे घालून थंडीत देवळं बघायची नाहीत." श्रीलंकेला पैकीच्या पैकी मार्क. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे कोलंबो आणि गॉल भिजवतात तेव्हा त्रिंकोमालीची बाजू कोरडी, हिवाळ्यात त्याच्या उलट, त्यामुळे एवढ्याशा बेटावर बारा महिने कुठे ना कुठे जाता येतंच. पण सिगिरियाला हजारावर पायऱ्या. भूतानचं तक्त्सांग ३१२० मीटरवर आणि शेवटची चढण पायी, ते तिने स्वतःच खोडलं.

मला मनापासून हवं होतं ते जावा. एप्रिल ते ऑक्टोबर तिकडे कोरडे महिने, म्हणजे मेची सुट्टी नेमकी बसते. बोरोबुदुर, लांबवर मेरापीचा डोंगर, प्रम्बाननच्या भिंतीवरचं रामायण. मी दोन वर्षं मनात घोळवत होते. आईने तिथे बरोबरची खूण केली आणि लॅपटॉप मिटला.

"तुम्ही सगळीकडे पाऊस चुकवायचा विचार केलाय. मला पाऊस असतानाच जायचंय. ती उलटी वाहणारी नदी बघायचीय मला."

मंजू, तुला वर्ग आठवला का? आठवी ब, फळ्यावर निळ्या खडूची मेकाँग, तिच्या डाव्या अंगाला ते फुगणारं सरोवर. तू वहीत मेकाँग बंगालच्या उपसागरात सोडली होतीस आणि बाईंनी "मंजिरीने अख्खा व्हिएतनाम कोरडा पाडला" म्हणून वही वर्गभर फिरवली होती.

तोनले साप, कंबोडियातलं सरोवर, आणि त्याला मेकाँगशी जोडणारी त्याच नावाची नदी. नोव्हेंबर ते मे सरोवराचं पाणी सरळ मेकाँगकडे जातं. पावसाळ्यात मेकाँग एवढी चढते की पाणी नदीतून मागे ढकललं जातं, नोम पेन्हच्या संगमापासून वर सरोवराकडे. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं सरोवर पावसाअखेर चार-पाच पट पसरतं, झाडं शेंड्यापर्यंत पाण्यात जातात आणि मासे त्या बुडालेल्या जंगलात वाढतात. हे तिने आपल्याला पुस्तकातून शिकवलंच नव्हतं. हरिपूरच्या संगमावर उभं करून शिकवलं होतं. कृष्णा फुगली की वारणेचं पाणी पुढे सरकायचं थांबतं आणि मागे फुगवटा चढतो. "हाच खेळ तिकडे देशाएवढ्या आकाराचा होतो," हे तिचं वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं.

पावसातच का, याचं उत्तर चेरापुंजी. तू तेव्हा सिंगापूरला गेली होतीस. बाबा आणि ती एका यात्रा कंपनीबरोबर गेले, डिसेंबरात, कारण "सीझन" डिसेंबरचा. जिने इतकी वर्षं मुलांकडून चेरापुंजी-मौसिनरामचे आकडे पाठ करून घेतले तिला तिथे लखलखीत ऊन दाखवलं. नोहकालिकाईचा धबधबा दोरीएवढा. गाइड सांगत होता, मॅडम तुमचं नशीब चांगलं, एक ढग नाही. घरी येऊन ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. मला वाटतं तिचं बरोबर आहे. मोसमी पावसाच्या देशात कोरडे महिने निवडून गेलं तर तिथली शेती, घरं, देवळांचे तलाव, सण, सगळं ज्याच्यासाठी आहे तेच बघायचं राहतं. अंगकोरचंच घे. पश्चिम बाराय नावाचा तो तलाव जवळपास ८ किलोमीटर लांब आणि २ रुंद, अकराव्या शतकातला. पाणी धरून ठेवायची एवढी खटपट केलेलं शहर, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत आधी लांबलेले दुष्काळ आणि मग अतिवृष्टी, यांनी त्याचे कालवेच मोडले. तिथे जाऊन आपण छत्री लागू नये म्हणून जानेवारीची तिकिटं काढायची?

हो, माहितेय, हंपी. मे महिन्यात हंपी तूच ठरवली होतीस. "संस्कृती बघायची तर ऊन सोसायला पाहिजे" हे वाक्यही तुझंच. विठ्ठल मंदिराच्या फरशीवर अनवाणी उड्या मारतानाचा तुझा फोटो माझ्याकडे अजून आहे. ते भांडण मी सोडलेलं नाही. मी तेव्हाही म्हणत होते, श्रावणात जाऊ, तुंगभद्रा भरलेली असेल.

आता २०१९. ज्या बाईच्या घरात छातीएवढं पाणी आलं, आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, जिला बोटीतून बाहेर काढावं लागलं, तिला पुन्हा पुराचं पाणी बघायला नेणार? दादा हेच म्हणणार. त्या आठ-दहा रात्री तू सिंगापूरहून फोन लावत बसायचीस म्हणून तुला सांगतेय. मीही तिला विचारलं. म्हणाली, "आपल्याकडे पाणी आलं की आपण म्हणतो, कसं काय आलं. तिथल्यांनी ते येणार हे धरूनच घर बांधलंय. आणि नाही आलं तर ते उपाशी राहतात." कॉम्पोंग ख्लियांगसारख्या गावांत घरं आठ-आठ, दहा-दहा मीटर खांबांवर असतात. पाणी उतरलं की शिडी चढून घरात जायचं, चढलं की होडी दाराशी लागते. २०१९ मध्ये, म्हणजे आपण बुडालो त्याच वर्षी, आणि २०२० मध्येही तिकडे मेकाँगला पाणीच कमी होतं. पाऊस उशिरा, त्यात वरच्या धरणांनी अडवलेलं. नदी उलटी वळायलाच उशीर झाला आणि सरोवर धड भरलं नाही. आई हे सगळं वाचत होती, मला कधी बोलली नाही.

इथपर्यंत मी ठरवून टाकलं असतं. सप्टेंबरअखेर, गणपती उरकले की, मी आणि ती दोघीच. ओजसची सहामाही, सुहास घरी थांबेल. मग मी तिथल्या सुट्ट्या बघायला बसले, दुकानं-कचेऱ्या बंद कधी असतात ते कळावं म्हणून, आणि वाचून हात थांबला. त्यांचा प्चुम बेन भाद्रपद वद्यातच असतो. आपल्याच पितृपंधरवड्यात. पंधरा दिवस लोक अन्न घेऊन विहारात जातात, मागच्या सात पिढ्यांसाठी. पहाटे अंधारातच भाताचे गोळे विहाराभोवती टाकतात, ज्यांचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही त्यांच्यासाठीही. यंदा अधिक महिन्यामुळे पंधरवडा पुढे गेलाय, २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. आणि बाबांची तिथी सप्तमी.

आता बघ कसा गुंता आहे. उलटं पाणी साधारण जूनपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत. ऑक्टोबरात कधीतरी ते थबकतं आणि परत फिरतं, पुढे कार्तिकी पौर्णिमेला नोम पेन्हला त्याचा मोठा उत्सव आणि होड्यांच्या शर्यती. तिथी सांगलीत करून मग निघालो तर सरोवर काठोकाठ मिळेल, पण नदी उलटी मिळेलच असं नाही. पौर्णिमेला निघालो तर नदी मिळायची खात्री जास्त, पण सप्तमीला आम्ही तिकडे. पंधरा दिवस आधी जावं तर गणपती, ते ती सोडणार नाही. कार्तिकीच्या उत्सवाचाही विचार केला. पण २०१० मध्ये त्याच उत्सवात पुलावर चेंगराचेंगरी होऊन साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. बहात्तराव्या वर्षी, असा गुडघा घेऊन, एवढ्या गर्दीत मी तिला नेणार नाही.

दादा श्राद्ध फार मनापासून करतो. आमसुलाची चटणी आणि खीर आईच्याच हातची लागते त्याला. आई नसेल तर तो चिडणार नाही, गप्प बसेल, आणि ते वाईट. पण माझं मन सांगतंय, आधी जावं. तिने मागितलीय ती नदी. तिथी दर वर्षी येते, तिचा गुडघा दर वर्षी असाच राहणार नाही. सप्तमीच्या पहाटे सिएम रीपच्या एखाद्या विहारात तिने हाताने भात ठेवला तर बाबांपर्यंत पोचणार नाही का? मी अजून तिला प्चुम बेनचं सांगितलेलंच नाही. आधी दादा, मग तिला, असं वाटतंय. तुझं काय मत?

बाकी काळज्या लिहून टाकते. थायलंडची सरहद्द. गेल्या वर्षी जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात लढाई झाली, त्यामुळे जमिनीवरून जायचं नावच नको. विमानाने नोम पेन्ह, मग गाडीने सिएम रीप, सहा तास. निघायच्या आधी बातम्या बघायच्याच. डास आणि डेंग्यू. ओली फरशी. जेवणात सगळीकडे माशांचा कसला ना कसला अर्क, आणि पंधरवड्यात ती शिवणार नाही, म्हणून मेतकूट, कुकर, तांदूळ. अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला नकोच, जिना उभा आहे. खालच्या ओवरीतच समुद्रमंथन आहे, ४९ मीटर लांब सलग, कुरुक्षेत्रही आहे, तेवढ्यात एक सकाळ जाईल. बांतेय स्रेई मात्र हवंच. ९६७ सालचं, गुलाबी दगडाचं, सपाटीवर, ठेंगणं. रावण कैलास हलवतोय ते तिथेही कोरलंय. वेरूळच्या सहलीत बाईंनी आपल्याला त्याच शिल्पापुढे उन्हात उभं केलं होतं, आणि तू रावणाची डोकी मोजत बसलीस म्हणून बस चुकत होती. तीन दिवसांचा पास ६२ डॉलर. पाऊस बहुतेक दुपारनंतरचा, म्हणून सकाळी देवळं आणि दुपारी झोप, असं ठरवलंय.

तुझं काय? गिरीशची नवी नोकरी बरी चालली असेल. ईराची परीक्षा ऑक्टोबरातच ना? तिला सांग मावशीने जीव काढू नकोस म्हटलंय. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय झालं ते कळव.

मंजू, तुला सिंगापूरहून सिएम रीप दोन तासांवर आहे. शनिवार-रविवार जरी आलीस तरी होडीत बाईंच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. गुडघ्यालाही दोन खांदे मिळतील. परीक्षेमुळे जमत नसेल तर तसं स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. हंपीसारखं शेवटच्या दिवशी सांगू नकोस.

पण त्याआधी एक काम कर. दादाला फोन कर. माझं तो ऐकून घेतो, तुझं ऐकतो. तुझ्या राखीला अजून स्वतः बँकेत जाऊन पैसे भरतो तो. तिथीचं सरळ सांग, आडून नको. रविवारी अकराच्या आत कर, जेवून झोपला की संध्याकाळपर्यंत फोन उचलत नाही. तिकिटं मी तुझा निरोप आल्यावर काढते.

तुझी,
शुभा

ता. क. आईला यातलं काही बोलू नकोस. तिने विचारलंच तर मेकाँग कुठे मिळते ते नीट सांग.