एफडी मोडू नका, मी पैसे पाठवतेय

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

हसू नका. फोनवर बंटी शेजारीच असतो म्हणून नीट बोलता येत नाही, आणि तो फिजिओला बसला की आई रडायला लागते, मग महत्त्वाचं राहूनच जातं. म्हणून एकदाचं टाइप करून पाठवतेय.

मी मजेत आहे. वरण-भात रोज होतो, घरात हीटर आहे, फोटोत बारीक दिसले ते जॅकेट मोठं आहे म्हणून. आणि आई, "तुला काय, तू तिकडे" हे तू रागात म्हणालीस मला माहितीये, मी मनावर घेतलेलं नाही.

बंटीच्या वाढदिवसाला ऑफिसात केक नेला होता. इथे नेदरलँड्समध्ये ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा, मी बंटीच्या वतीने नेला, आणि अभिनंदन फक्त त्याचं नाही, घरातल्या सगळ्यांचं करतात, म्हणजे भावाचा वाढदिवस म्हणून लोक येऊन माझ्याशी हात मिळवत होते, भावाबद्दल अभिनंदन म्हणत होते. कुणाच्या घरी गेलं तर खुर्च्या गोल मांडलेल्या असतात आणि आल्यावर अख्खं वर्तुळ फिरून एकेकाशी हात मिळवत तेच म्हणायचं, आजीला, मावशीला, अगदी जावयालासुद्धा. आणि सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर कुठे लावतात माहितीये? संडासात. खरंच सांगतेय, दारासमोरच्या भिंतीवर. त्यात वार छापलेले नसतात, फक्त तारखा, म्हणजे तेच वर्षानुवर्षं चालतं, आणि रोज तिथे बसणं होतंच म्हणून कुणाचा दिवस विसरत नाही. माझ्या घरमालकिणीने त्यात बंटीचं नाव लिहून टाकलंय. आई, शी म्हणू नकोस, मलाही आधी कसंतरीच झालं. तर तेवढ्या लोकांनी अभिनंदन केलं आणि मी तिथे थँक्यू थँक्यू करत होते, आणि तुम्ही तिकडे नौपाड्यात त्याला व्हीलचेअरमधून उचलून केक कापायला सोफ्यावर बसवत होतात, व्हिडिओ पाहिला मी.

त्यावरूनच. त्याला सोफ्यावर का बसवलंत? फोटोत खुर्ची नको म्हणून ना?

आमच्या ऑफिसात एक जण व्हीलचेअरवर आहे. कँटीनमध्ये गप्पा मारता मारता दर थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलतो, तसाच थांबतो, परत बसतो. फिजिओताई बंटीला ओरडून ओरडून सांगतात तोच प्रकार, बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब येऊन होणारी जखम, होऊ नये म्हणून. कुणी वळूनही बघत नाही. बंटीची दुखापत डी-१०ची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याजवळची आहे, हात दोन्ही ठणठणीत आहेत, मग त्याला करू द्या ना. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळीसुद्धा. दर चार तासांनी आई तूच घालतेस, रात्रीचं जागतेस, मान्य आहे सगळं, पण तेरा वर्षांचा मुलगा आहे तो, त्याला लाज वाटत असणार, आणि शाळेत तू काय बाथरूमबाहेर उभी राहणार का? हाजी अलीच्या हॉस्पिटलात त्यांनी शिकवलंय त्याला, येतं त्याला. हात साबणाने धुतले का एवढंच बघ.

मावशीने दिलेली ती गोल ट्यूब बसायला अजिबात देऊ नका, कडेवर दाब येऊन तिथलंच रक्त अडतं, नीट कुशन हवं. आणि खुर्ची. आत्ताची अठरा इंची आहे, मोठ्या माणसाची. तो त्यात एका बाजूला कलून बसतो, आणि या वयात उंची वाढताना पाठीला बाक येण्याचं भय आधीच जास्त असतं. सोसायटीच्या कमिटीने रॅम्प केला तो पण रॅम्प नाही घसरगुंडी आहे. बाबा, हिशोब साधा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी, आपल्या पाच पायऱ्या म्हणजे तीस इंच, म्हणजे तीस फूट हवा. जागा नाही म्हणतील, वळवून घ्या म्हणावं पार्किंगच्या बाजूने, मध्ये सपाट टप्पा ठेवून.

आता पैशांचं. स्टेम सेलच्या पॅकेजसाठी एफडी मोडायची नाही. तुम्ही म्हणाल पोरगी तिकडे बसून अक्कल शिकवते, शिकवते तर शिकवते. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या गाइडलाइन्समध्ये आहे, हे मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच करता येतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पॅकेज सांगतायत म्हणजे ती ट्रायल नाहीच की. चालेल की नाही हे कुणी सांगू शकत नाहीये, तोवर शाळा बुडवून वाट बघत बसवणार का त्याला? मी एक लाख ऐंशी हजार पाठवतेय, मापाची हलकी खुर्ची, कुशन आणि बाथरूमचं दार रुंद करायला. बाबा परत पाठवू नका, परत पाठवलेत तर मी बोलणार नाही.

त्यामुळे गणपतीला येणं नाही जमणार. दिवाळीनंतर बघते. आरती व्हिडिओवर करू, मोदक माझ्या नावाने बंटीला.

पुण्याच्या मुलाशी रविवारी बोलले. चांगला आहे. आई, तू मध्यस्थांना "भाऊ लहान आहे, शिकतोय" एवढंच सांगितलं होतंस, मी त्याला सगळं सांगितलं. पुढे माझ्या पगारातला काही भाग घरी जाणार हेही सांगितलं. थोडा वेळ गप्प होता, मग आईशी बोलतो म्हणाला. फोन नाही आला तर बाबा तुम्ही आपणहून लावू नका, प्लीज. मला काही वाईट वाटणार नाही.

बंटीला गोड पापा, तो पुसून टाकेल तरी.

तुमची,
ताई

ता. क. खुर्चीचं माप त्याला बसवून घ्या, झोपवून नको. बसल्यावर बुडाजवळची रुंदी आणि पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंतची लांबी. फिजिओताई असतानाच घ्या, आणि फोटो पाठवा.