छोटूच्या डोळ्यावरून, शेफील्डहून

ती. बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. बॉक्सिंगमध्ये छोटूचा डोळा सुजलेला बघून तुम्ही त्याला जे काही बोलले ते मला इकडे पूर्ण ऐकू येत होतं, मग आई मधातच फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावते म्हणून ठेवून दिला. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. फोनवर मी बोलायला लागलो की तुम्ही तोडता म्हणून लिहून राहिलो, पत्र तरी पूर्ण वाचा आणि मग छोटूलाही द्या.

आमच्या वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण आहे, वय ३६, मी त्याला भाऊ म्हणतो आणि आता तोही त्या नावाला ओ देतो. हा भाऊ प्रोफेशनल बॉक्सर आहे. टीव्हीवर दिसणारा नाही, आजूबाजूच्या गावांतल्या छोट्या हॉलमध्ये शनिवारी खेळणारा. शंभराच्या जवळपास फाइट झाल्या, जिंकलेल्या दहासुद्धा नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मग हा खेळतो काहून? मागच्या महिन्यात सोबत घेऊन गेला तेव्हा समजलं.

इकडे असं असते बाबा, की ज्या पोराला पुढे आणायचं तो होम कॉर्नरचा. त्याचे मित्र, काका, ऑफिसवाले तिकिटं घेतात आणि त्या तिकिटांच्या पैशातूनच समोरच्याचे पैसे निघतात. समोरचा म्हणजे अवे कॉर्नर, म्हणजे आपला भाऊ. त्याला कधी कधी दोनच दिवस आधी फोन येतो, अमुक वजन, चार राउंड, येतो का, आणि हा हो म्हणून बॅग भरतो. नवीन पोराला रिंगमध्ये शिकवणारा कोणीतरी लागतोच ना, ते काम हे लोक करतात आणि पॉइंटवर हरून घरी येतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली म्हणून होता, १९८९ पासून २००८ पर्यंत ३०० फाइट खेळला, ३२ जिंकला, २५६ हरला, १२ बरोबरीत. पुढे वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या नसीम हमेदशीही तो लढला होता. आणि तो काही कच्चा नव्हता, मिडलँड्स एरियाचं टायटल त्याच्याकडे होतं. एरिया टायटल म्हणजे आपलं विदर्भ केसरी समजा, त्याच्या वर ब्रिटिश टायटल, ते महाराष्ट्र केसरी. भाऊपण एकदा सेंट्रल एरियाच्या टायटलसाठी दहा राउंड खेळला, थोडक्यात गेलं. त्यावर तो बोलत नाही, पण त्याच्या लॉकरच्या दाराला आतून त्या रात्रीचं पोस्टर चिकटवलेलं आहे.

त्या शनिवारी मी चेंजिंग रूममध्ये त्याच्या बाजूलाच बसलो होतो. ट्रेनर हाताला पट्टी बांधत होता, बोटांच्या मधातून गॉज, वरून टेप, आणि दर दोन फेऱ्यांनी भाऊ मूठ बंद करून उघडून बघायचा, अंगठ्यापाशी घट्ट वाटली की नुसती मान हलवायचा, की ते सोडून पुन्हा सुरू. एक शब्द नाही दोघांच्या तोंडून. मग भुवयांवर व्हॅसलीन, आणि चला. समोर २१ वर्षांचा पोरगा, पूर्ण हॉल त्याच्या नावाने ओरडून राहिला होता. भाऊ हात वर, हनुवटी आत, पोरगा जोरात आला की हा अर्धं पाऊल बाजूला सरकायचा आणि त्याचे दोन्ही हात काखेत दाबून उभा राहायचा, रेफरी सोडवेपर्यंत. तिसऱ्या राउंडला पोरगा तोंडाने श्वास घ्यायला लागला तेव्हा भाऊने सरळ डावा तीनदा नाकावर ठेवून दिला. अशा छोट्या फाइटला जज नसतात, रेफरी एकटाच पॉइंट देतो. ३९-३७, भाऊ हरला. म्हणजे चारातला एक राउंड त्याला मिळाला, आणि त्या एका राउंडसाठी तो माणूस इतका खुश होता की मला भरून आलं. खाली उतरल्याबरोबर बायकोला मेसेज केला, ठीक आहे, निघतो. ती कधीच हॉलला येत नाही. सोमवारी सकाळी सहाला हा फोर्कलिफ्टवर हजर.

मी विचारलं, हरून वाईट नाही वाटत? तर म्हणे हरण्याचं काही नाही, रेफरीने थांबवलं नाही पाहिजे. फाइट थांबवली की इकडचं बॉक्सिंगचं बोर्ड, जे लायसन्स देते, कमीत कमी २८ दिवस रिंगमध्ये उतरू देत नाही, तेवढे दिवस कमाई बंद. म्हणून या लोकांची सगळी कला डोकं सांभाळण्यात आहे. दरवर्षी मेंदूचा एमआरआय केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, रिंगजवळ डॉक्टर आणि बाहेर ॲम्ब्युलन्स नसेल तर फाइट सुरूच करत नाहीत. हे असं फुकट नाही मिळालं बाबा. १९९१ मध्ये लंडनला क्रिस युबँकशी लढताना मायकेल वॉटसन पडला, तेव्हा उपचाराला उशीर झाला, तो ४० दिवस कोमात होता. पुढे त्याने बोर्डावर केस केली आणि जिंकला. २००३ मध्ये तोच माणूस सहा दिवस चालून लंडन मॅरेथॉन पूर्ण करून आला. त्याच्या एका माणसाच्या भोगण्यावर आज भाऊसारखे शेकडो जण घरी परत येऊन राहिले आहेत.

आता छोटूचं. त्याने मला वेगळा मेसेज केला होता की कोणीतरी त्याला दिल्लीला चल म्हणते, प्रो हो, पहिल्याच फाइटचे पैसे देतो. तुम्हाला हे माहीत नव्हतं. ओरडू नका त्याच्यावर, मीच सांगितलं म्हणा.

छोटू, आता तू वाच. दिल्लीत तुझी तिकिटं कोण घेणार आहे? आपल्या नागपूरच्या महालातून उठून तिथे कोणी येणार नाही. म्हणजे तू अवे कॉर्नर, १९ व्या वर्षी. त्या माणसाला विचार की समोर कोण आहे, त्याच्या किती फाइट झाल्या, वजन किती, माझा एमआरआय कोण करणार. उत्तर नाही मिळालं तर जायचं नाही, बस. भाऊ हे काम करू शकतो कारण पंधरा वर्षं त्याने मार चुकवण्यातच घालवली. तू डावा मारतो तेव्हा तुझा उजवा हात गालावरून खाली येतो, व्हिडिओत साफ दिसते, उजवा डोळा त्याच्यानेच सुजला. विजेंदर सिंगचं पोस्टर लावलं आहे ना तू, तो २०१५ मध्ये मँचेस्टरला पहिली प्रो फाइट खेळला तेव्हा बीजिंग ऑलिंपिकचं मेडल आणि हरयाणा पोलिसची नोकरी दोन्ही त्याच्याकडे होतं. तू आधी स्टेट खेळ, रेल्वे नाही तर पोलिसचा स्पोर्ट्स कोटा बघ, मग प्रोचं बोलू, तेव्हा मी स्वतः तुझी तिकिटं विकेन.

आणि बाबा, एकदा तुम्ही मानकापूरला जाऊन त्याला खेळताना बघा. तुम्ही त्याचा सुजलेला डोळा बघितला, त्याचे पाय नाही बघितले. इथे विंकोबँकला ब्रेंडन इंगल यांची जिम आहे, ते २०१८ मध्ये वारले, नसीम हमेद तिथलाच. जमिनीवर रेषा आखलेल्या आहेत आणि पोरं त्या रेषांवर नुसते पाय टाकत राहतात, पुढे, मागे, बाजूला. गच्चीवर खडूने तशा आखून द्या त्याला, तुमचा हात सरळ आहे.

पार्सल टाकलं आहे. आईसाठी स्वेटर, तुमच्यासाठी चष्म्याची केस, आणि निळ्या डबीत छोटूचा माउथगार्ड. तो गरम पाण्यात थोडा वेळ टाकायचा, किती सेकंद ते डबीवर लिहिलं आहे, मग लगेच थंड पाण्यातून काढून दातांवर बसवायचा आणि ओठ मिटून ओढायचा. पाणी आईलाच तापवायला सांगा, छोटू घाई करेल.

तुमचा,
मोठा