मुंजाला पुण्यात घर मिळतं

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई, तू "जेवलीस का गो?" एवढंच विचारलं असतंस. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

मी नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूर झाला, महिनाअखेरीस मोकळी होईन. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर माझं ठरेपर्यंत आईला झोप लागली नसती आणि बाबांचं प्रेशर वाढलं असतं. दादाच्या वेळचे ते दिवस मला पुन्हा आपल्या घरात नको होते. ठरवण्याचा त्रास माझा मी घेतला, तुम्हाला फक्त ठरलेलं सांगते आहे.

पैशाचं आधी सांगते. तुमच्या खात्यावर दर महिन्याला जे येतं ते तसंच येत राहील. त्यासाठी रक्कम वेगळी काढून ठेवली आहे, तिला मी हात लावणार नाही. विम्याचा हप्ता भरलाय. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन गणपती झाल्यावर, ठरलंय तसंच. जागाही मी बदलत नाहीये. सकाळी पेजच खाते, उकडे तांदूळ तुम्ही पाठवलेलेच आहेत, अजून डबा अर्धा भरलेला आहे. सोलंही आहेत. हे सगळं लिहिते आहे कारण आई, तू आधी हेच शोधणार.

आता काय करणार ते. मुलांसाठी पुस्तकं. लिहिणार मी, चित्रंही माझीच. एका प्रकाशकांशी पहिल्या पुस्तकाचा करार झालाय. त्यात आजीच्या भुताखेतांच्या गोष्टींतली सगळी मंडळी आहेत: वेताळ, मुंजा, चकवा, देवचार. ती आजच्या पुण्यात राहायला आली तर कुठे राहतील, काय खातील, रात्री काय करतील, हाच विषय.

बाबा, इथे तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. ठेवू नका. भुतं उतरवणाऱ्या भगताच्या अंगणातून त्या आजारी पोराला उचलून तुम्ही सावंतवाडीला डॉक्टरकडे नेलंत, त्यानंतर वाडीतली निम्मी माणसं आपल्याशी बोलत नव्हती, ते मला आठवतं. २०१३ साली दाभोलकर गेले त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता, तेही आठवतं. तुमची मुलगी भुताखेतांचा धंदा करणार नाही. माझ्या पुस्तकात भगत नाही, अंगारा नाही, कोणी कोणाला झपाटत नाही. आजीच्या गोष्टींनी मला भीती कधी दिलीच नाही. अंधारातसुद्धा कोणीतरी ओळखीचं आहे असं वाटायचं. तेवढंच मला या मुलांना द्यायचं आहे.

आणि एक तुमच्या कामाची गोष्ट. अनंत कान्हेरे शिकवताना तुम्ही दर वर्षी जॅक्सनचं नाव फळ्यावर लिहायचात. १९०९ साली नाशिकला मारला गेला तो कलेक्टर. त्याला लोककथांचा नाद होता. कोकणातल्या समजुतींची माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून गोळा झाली, ती त्याच्यामागे एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित करून १९१५ साली छापली. त्यात गिऱ्हा, खवीस, देवचार, झोटिंग सगळे आहेत. माहितीखाली अमक्या गावचा शाळामास्तर असं लिहिलेलं आहे. बाबा, म्हणजे हे सगळं नीट टिपून ठेवलं ते तुमच्या पेशातल्या माणसांनी. टिपून ठेवलं म्हणजे त्यांनी ते मानलंच, असं नाही ना?

पुण्यात आल्यावर मला सुरुवातीला फार परकं वाटायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. काय ठाऊक नाही ते सांगते. ही मंडळी माझ्या आधी इथे पोचलेली होती. शहरातली मोठी उंच टेकडी वेताळाच्या नावाची, माथ्यावर त्याचं देऊळ. पहाटे लोक तिथे चालायला येतात, मोर ओरडत असतात. टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायचं ठरलं तेव्हा २०२३ साली माणसं वेताळ टेकडी वाचवायला रस्त्यावर उतरली. पेठेत मुंजाबाचा बोळ आहे. धानोरीकडे मुंजाबा वस्ती. बसचा थांबा म्हसोबा गेट. जेवण पोचवणारा मुलगा फोनवर विचारतो, "मॅडम, मुंजाबा वस्तीत कुठे?" आणि कोणी दचकत नाही. आजीने "मुंजा" म्हटलं की आम्ही तिच्या लुगड्यात शिरायचो. इथे त्याच्या नावावर टपाल येतं, वीजबिल येतं.

माझा वेताळ आरवलीचा आहे. चांदोबातला, विक्रमाच्या खांद्यावरचा, मी घेतला नाही; तो गोष्ट सांगून उडून जातो, त्याला मुक्काम नाही. आपला वेतोबा गावभर फिरतो. बाबा, तुम्ही देवळात हात जोडायचा नाहीत, बाहेर थांबायचात, पण मला आत पाठवायचात त्या एवढ्या मोठ्या चपला बघायला. रात्री राखण करून झिजतात म्हणून लोक नव्या वाहतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत, "असं लोक समजतात" हे पुढे जोडून. तर विचार करा, गावच्या मातीत ज्या चपला झिजतात त्या सिमेंटच्या रस्त्यावर किती टिकतील? आणि इथे त्याला कोण वाहणार? पहिल्या गोष्टीत तो अमावास्येच्या रात्री चौकातल्या चांभाराकडे येतो. त्याच्या मापाची वहाण कुठल्याही दुकानात नाही. चांभार त्याचं नावगाव विचारत नाही, तळवा उलटा करून बघतो आणि म्हणतो, "टाचेला झिजलंय, म्हणजे चढावर फार जाता तुम्ही." त्या चित्रात चांभाराचे हात मी आपल्या भिकूकाकांचे काढलेत. बघाल तेव्हा ओळखाल.

मुंजावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, एवढंसं पोर. त्याला पिंपळ हवा. मला वाटलं होतं शहरात याचे हाल होतील. पण बघायला लागले तर पिंपळ सगळीकडे. पाखरं फळं खातात, बी त्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं आणि जुन्या वाड्याच्या कौलाखाली, गच्चीच्या पाइपापाशी, उड्डाणपुलाच्या सांध्यात रोप उगवतं. मुळांनी भिंत फुटेल म्हणून सोसायटीवाले ते दर वर्षी छाटून टाकतात. मग मुंजा आपलं जानवं सावरत पुढच्या गच्चीवर. मीही अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलत आले, त्यामुळे हे काढताना मला कुठे अडलं नाही.

एका गोष्टीत त्याला रस्त्याकडेचा मोठा जुना पिंपळ मिळतो. मग एक दिवस खोडावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली दिसते. झाड तोडायचं असेल तर अशी नोटीस लावावी लागते, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवा म्हणून. मुंजाला वाचता येतं. मुंज झालेलं पोर ते. तो हरकत लिहायला बसतो. नाव लिहितो. वय लिहिताना अडतो. पत्त्याच्या रकान्यात लिहितो: हेच झाड. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही. आई, तुला मी फोनवर वाचून दाखवेन, बाबा नसताना, म्हणजे तुला हवं तर रडता येईल.

सगळ्यांनाच इथे आणता येत नाही हेही मला कळलं. गिऱ्ह्याला आणून बघितलं. पण तो खाडीचा, भरती-ओहोटीचा. टँकरच्या पाण्यात आणि सोसायटीच्या टाकीत तो नुसता कोमेजून गेला, म्हणून त्याची पानं मी काढून टाकली. साती आसरांचंही तसंच, विहीर बुजवली की त्यांचं काही उरतच नाही.

चकव्याचं मात्र मला वेगळं सुचलं, आणि हे लिहिताना हात जरा थांबतोय. वाट चुकवणारा तो. आता सगळ्यांच्या फोनमध्ये नकाशा, त्याला काम उरलं नाही असं वाटेल. पण शहरात अशी म्हातारी माणसं आहेत जी रोजच्या दुकानात जायला निघतात आणि घर विसरतात. फोन खिशात असतो, तो कसा वापरायचा तेच आठवत नाही. हरवण्याच्या सगळ्या वाटा चकव्याला पाठ. तर तो आता उलटं काम करतो. अशा माणसाच्या बाजूने चालत राहतो, गप्पा मारतो, पुन्हा पुन्हा त्याच वळणावर आणतो, तो थकेपर्यंत नाही, तर त्याला आपलं दार ओळखू येईपर्यंत. नानामामाचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. टोपीही वेगळी काढली आहे. मामीला वाईट वाटेल असं तुम्हा दोघांपैकी एकालाही वाटलं तर ही गोष्ट मी काढून टाकेन, प्रकाशकांना तसं आधीच सांगून ठेवलंय.

आई, तुझ्या थोरल्या जावेविषयीही विचारायचं होतं. आजी जिला अळवंत म्हणायची आणि आम्हाला तिन्हीसांजेला मागच्या दारी जाऊ द्यायची नाही. बाळंतपणात गेलेली बाई. मेल्यावरही तिलाच घाबरायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. बाबांसाठी आकडे देते: २०१८ ते २० या काळात आपल्या देशात दर लाख जन्मांमागे ९७ आया दगावल्या, महाराष्ट्रात ३३. काकूंच्या वेळी हे किती असेल याचा विचार करवत नाही. माझ्या गोष्टीतली ती बाई प्रसूतिगृहाच्या बाकावर रात्रभर बसते. कोणाचं रक्त थांबत नसलं की नर्सला हाक मारून उठवते, आणि सकाळी बाळाचं रडणं ऐकून मगच डोळे मिटते. लहान मुलांना हे जड जाईल, म्हणून ती थोड्या मोठ्या मुलांच्या पुस्तकात येईल. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

आणि देवचार. घोंगडी खांद्यावर, हातात दांडा, वाटेवर चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. त्याला पुण्याला आणायचं मनात होतं, पण राखणदार शीव सोडत नाही. त्याने निघून यावं असं कुठलंही कारण मला सापडलं नाही. हायवे रुंद झाला, विमानं चिपीला उतरायला लागली, तरी त्याचं काम तिथेच आहे, तुमच्यापाशी. बाबा, तुम्ही मानत नाही, नका मानू. मी लांब आहे, तर रात्री माझ्या मनाला तेवढं म्हणू द्या.

आता ऐका. पाऊस सुरू व्हायच्या आत विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ घासून घ्यायचं, गड्याला सांगायचं, स्वतः नाही. बाबांनी माडाखालून जाताना वर बघत चालायचं नाही, मान आखडते. प्रेशरची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. मांगरातली काजूची बी पोरं आणून देतील, तुम्ही वाकायचं नाही. आई, तू गुडघ्याचा पट्टा कपाटात जपून ठेवायला दिलेला नाही. आणि रात्रीची भाकरी एकटीपुरती कशाला म्हणून चहावर झोपायचं नाही. बाबा, हे तुम्ही बघायचं.

गणपतीला येते तेव्हा चित्रं घेऊन येईन. ऑपरेशन झालं, डोळा निवळला की बाबांनी एक काम करायचं: आपल्या वाडीत कुठल्या झाडाला, कुठल्या वळणाला, कुठल्या कोंडीला काय म्हणायचे ते तुमच्या अक्षरात वहीत लिहून द्यायचं. खाली "असं लोक समजतात" लिहिलंत तरी चालेल. मी ते तसंच छापीन. पायरीच्या आंब्याचं मात्र लिहू नका. ते आपलं घरातच राहू दे.

आई, देवापुढे गाऱ्हाणं घालशील तेव्हा नोकरी परत मिळू दे असं मागू नको. हिचं हातात घेतलेलं तडीस जाऊ दे, असं माग. व्हय म्हाराजा बाबा म्हणणार नाहीत, ते तूच म्हण.

तुमची,
बाय

ता. क. थेंब घातल्यावर डोळा चोळायचा नाही. आई, लक्ष ठेव.