मल्हारगडाच्या संवर्धनासाठी आवाहन

सस्नेह नमस्कार,

दिवे घाटावर पहारा ठेवण्यासाठी पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार भिवराव पानसे आणि कृष्णाजी माधवराव पानसे यांनी 1757 ते 1760 या काळात सोनोरीच्या डोंगरावर मल्हारगड बांधला. महाराष्ट्रातील गिरिदुर्गांमध्ये हा सर्वांत शेवटी बांधलेला मानला जातो. पुण्याहून सासवड व पुढे जेजुरीला जाणारी वाट याच घाटातून जाते, त्यामुळे खंडोबाच्या यात्रेकरूंची ये-जा गडाच्या नजरेखालूनच होत असे. ज्ञानेश्वर माउलींची पालखीही दरवर्षी हाच घाट चढून सासवडला मुक्कामी जाते. मात्र हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते गड बांधल्यावर बऱ्याच वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात. म्हणून गड वारीसाठीच बांधला, असे आम्ही सांगत नाही. जे खरे आहे तेवढेही गडाचे महत्त्व पटवण्यास पुरेसे आहे.

गड आटोपशीर आहे. बाहेरचा तट त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला आणि त्यात खंडोबा व महादेव यांची मंदिरे आहेत. सध्या खरी चिंता तटाच्या सांध्यांत रुजलेल्या पिंपळ-वडाच्या रोपांची आहे. मूळ जाड होत गेले की आधी चुना भुगा होऊन गळतो, मग दगड बाहेर सरकतो. उत्साहाच्या भरात असे रोप उपटले, तर मुळाबरोबर दगडही निखळतो, म्हणून ते बुंध्याशी कापावे लागते. पाण्याच्या टाक्यांतील गाळही पावसाळ्यापूर्वी काढायचा आहे. तटबंदीच्या डागडुजीचे काम जाणकारांच्या देखरेखीखाली आणि पुरातत्त्व विभागाच्या परवानगीनेच होईल. सिमेंट थापून केलेली दुरुस्ती आम्हाला मान्य नाही.

यासाठी श्रमदानाला येणारे हात, घमेली, फावडी, पहारी, गाळ ओढण्यासाठी दोर आणि चुन्याच्या कामासाठी निधी हवा आहे. रोख देणगीची पावती तिथल्या तिथे मिळेल व जमाखर्च गावच्या फलकावर लावला जाईल. सासवड, दिवे, झेंडेवाडी व सोनोरी येथील जुन्या घराण्यांना खास विनंती अशी की, घाट, चौकी किंवा यात्रेसंबंधी मोडी कागद घरात असल्यास त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. मूळ कागद आपल्याकडेच राहतील. श्रमदानास येणाऱ्यांनी पिण्याचे पाणी व दुपारची भाकरी सोबत आणावी, कारण गडावर सावली फारच थोडी आहे.

आपले नम्र,
गडसंवर्धन कार्यकर्ते व ग्रामस्थ, सोनोरी परिसर